'रजिस्टर्ड' दिसलं, पुढे काय? फिजिओथेरपिस्ट तपासायच्या चार ऑनलाइन रजिस्टरांचं परीक्षण

फिजिओथेरपिस्टचं नाव टाकायचं, 'रजिस्टर्ड' किंवा 'ॲक्टिव्ह' हा शब्द दिसला की पान बंद करायचं, अशी बहुतेकांची पद्धत असते. त्या शब्दावरून कळतं ते एवढंच, की या माणसाला आज ते पदनाम लावायची परवानगी आहे. त्याच्यावर अटी आहेत का, पूर्वी कारवाई झाली होती का, तो जे उपचार देऊ करतोय ते करायची त्याला मुभा आहे का, ही माहिती त्या शब्दाच्या खाली, एखाद्या लिंकमागे, कधी कधी तर दुसऱ्याच वेबसाइटवर असते. ज्याचं सगळं सुरळीत चाललंय त्याची नोंद कुठलंही रजिस्टर नीट दाखवतं. ज्याचं बिनसलंय त्याची नोंद कशी दाखवतात, यावर रजिस्टरचा दर्जा ठरतो. खालचे गुण त्याच हिशेबाने दिले आहेत.

परीक्षणाला चार सेवा घेतल्या: ब्रिटनमधल्या एचसीपीसी या नियामक संस्थेचं रजिस्टर, ऑस्ट्रेलियातल्या आप्रा या नियामक संस्थेचं रजिस्टर, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या कॉलेज ऑफ फिजिओथेरपिस्ट्सचं (हे शिकवणारं कॉलेज नव्हे, नियामक संस्था) रजिस्टर आणि अमेरिकेतल्या राज्य बोर्डांचं लायसन्स सर्च. चारही फुकट आहेत आणि कुणालाही वापरता येतात. पेशंट, नोकरीवर घेणारं क्लिनिक आणि स्वतः फिजिओ, अशा तिघांचाही विचार केला आहे.

आधी शोधायचं कसं

नाव पूर्ण टाकू नका. आडनाव आणि पहिल्या नावाची दोन-तीन अक्षरं पुरतात, निदान सुरुवातीला. नोंदणी कागदपत्रांवरच्या नावाने होते आणि क्लिनिकच्या दारावर वेगळंच नाव असतं: मधलं नाव गळलेलं, हाक मारायचं नाव घातलेलं किंवा लग्नानंतरचं आडनाव लावलेलं. भारतीय नावांच्या इंग्रजी स्पेलिंगची तर बातच सोडा. 'सापडलं नाही' या उत्तराचं कारण फसवणूक असण्यापेक्षा स्पेलिंग असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे रजिस्ट्रेशन नंबर. ब्रिटनमध्ये फिजिओच्या नंबराआधी पीएच ही अक्षरं असतात, ऑस्ट्रेलियात पीएचवाय आणि पुढे दहा आकडे. अक्षरं वेगळी निघाली तर तो माणूस दुसऱ्याच व्यवसायात नोंदलेला आहे. नंबर सरळ मागावा, त्यात संकोचण्यासारखं काही नाही. तो गोपनीय नसतोच, त्यामुळे द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर त्याची नोंद घ्यावी.

नावापुढच्या अक्षरांनी गोंधळून जाऊ नका. ब्रिटनमधलं 'एमसीएसपी' म्हणजे चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपीचं सभासदत्व. ती व्यावसायिक संघटना आहे आणि कामगार संघटनाही, पण लायसन्स ती देत नाही. अमेरिकेतलं 'डीपीटी' (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) ही पदवी आहे, 'ओसीएस' किंवा 'एनसीएस' हे विशेषज्ञतेचं प्रमाणपत्र आहे आणि ते अमेरिकन बोर्ड ऑफ फिजिकल थेरपी स्पेशॅलिटीज देतं, राज्य सरकार नाही. ब्रिटनमध्ये 'स्पोर्ट्स थेरपिस्ट' या पदनामाला कायद्याचं संरक्षणच नाही, त्यामुळे त्या नावाखाली काम करणारा एचसीपीसीत सापडला नाही तर त्यात बेकायदा काहीच नाही. 'फिजिओथेरपिस्ट' आणि 'फिजिकल थेरपिस्ट' ही दोन्ही पदनामं मात्र तिथे संरक्षित आहेत.

ब्रिटन: एचसीपीसी, ५ पैकी ३

एकाच रजिस्टरात पंधरा व्यवसाय आहेत, म्हणून पहिल्याच खान्यात व्यवसाय निवडावा लागतो. शोध झटपट होतो, पान स्वच्छ आहे. दिसतं मात्र फार थोडं: नाव, नंबर, ठिकाण, स्थिती आणि नोंदणीचा कालावधी. शिक्षण कुठे झालं, नोकरी कुठे, काहीच नाही. एकाच शहरात एकाच नावाचे दोघं असले तर नंबराशिवाय त्यांना वेगळं करता येत नाही.

कालावधीची तारीख वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तिथल्या सगळ्या फिजिओंचं नूतनीकरण एकदम, दर दोन वर्षांनी होतं आणि मुदत सम वर्षाच्या ३० एप्रिलला संपते. म्हणजे ती तारीख त्या व्यक्तीबद्दल काहीच सांगत नाही, सगळ्यांची तीच असते. मेच्या पहिल्या आठवड्यात नावं गळतात, त्यामागे बहुतेकदा साधं कारण असतं. नूतनीकरणाचे दोन भाग आहेत: फी भरणं आणि ऑनलाइन घोषणापत्र पूर्ण करणं. फी डायरेक्ट डेबिटने आपोआप जाते, त्यामुळे काम झालं असं समजून माणूस घोषणापत्र विसरतो आणि रजिस्टरमधून बाहेर पडतो. त्या दिवसापासून तो 'फिजिओथेरपिस्ट' म्हणवून घेऊ शकत नाही, मग अनुभव वीस वर्षांचा असो. क्लिनिक चालवणाऱ्याने सम वर्षी १ मेला सगळ्या स्टाफची नावं पुन्हा तपासावीत, एवढं एक काम कॅलेंडरवर लिहून ठेवलं तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

मध्ये खंड पडला असेल तर परत यायचे नियम सरळ आहेत. दोन वर्षांपर्यंत व्यवसायाबाहेर असलात तर वेगळी उजळणी लागत नाही. दोन ते पाच वर्षं बाहेर असलात तर ३० दिवसांची उजळणी, पाचाहून जास्त असेल तर ६० दिवसांची. मुलाबाळांसाठी थांबलेल्या फिजिओंनी चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सीमेवर असताना अर्ज लांबवू नये, कारण पाच वर्षं ओलांडली की दिवस थेट दुप्पट होतात.

'रजिस्टर्ड' म्हणजे या माणसाचं ज्ञान अद्ययावत असल्याचं कुणी तपासलंय, असा अर्थ काढू नका. एचसीपीसी सततच्या शिक्षणासाठी तासांचं बंधन घालत नाही. प्रत्येक जण निकष पाळत असल्याचं स्वतः जाहीर करतो आणि नूतनीकरणाच्या वेळी त्या व्यवसायातल्या फक्त अडीच टक्के लोकांच्या नोंदी तपासणीला मागवल्या जातात. पद्धत म्हणून ती वाईट नाही. तास मोजण्यापेक्षा शिकलेल्याचा कामावर काय परिणाम झाला ते लिहायला लावणं जास्त शहाणपणाचंच आहे. पण तपासणी नमुन्यापुरतीच असते.

एक खाना मात्र फार उपयोगाचा आहे, तो म्हणजे जादा अधिकारांची नोंद. २०१३ पासून ब्रिटनमध्ये ठरावीक प्रशिक्षण घेतलेले फिजिओ स्वतंत्रपणे औषधं लिहून देऊ शकतात. हा अधिकार नावासमोर दिसतो. फिजिओने प्रिस्क्रिप्शन हातात ठेवलं आणि रजिस्टरात ही नोंद नसली, तर तिथेच थांबून विचारावं.

आता गुण कशाला कापले ते. शिक्षेचे चार प्रकार आहेत: एक ते पाच वर्षांची ताकीद, तीन वर्षांपर्यंतच्या कामाच्या अटी, एक वर्षापर्यंतचं निलंबन आणि नाव काढून टाकणं. निकाल लागायच्या आधी पेशंटना धोका दिसला तर अंतरिम आदेश निघतो, तो अठरा महिन्यांपर्यंतचा असू शकतो. हे चालू असेपर्यंत रजिस्टरात कळतं. पण नाव काढून टाकलेला माणूस रजिस्टरात सापडत नाही. कधीच नोंदणी न केलेला भोंदू, स्पेलिंग चुकलेला सज्जन आणि गंभीर गैरवर्तनावरून नाव गेलेला माणूस, तिघांच्या बाबतीत शोधणाऱ्याच्या हाती सारखंच रिकामं पान येतं. फरक कळायला एचसीपीटीएस या न्यायाधिकरणाच्या वेगळ्या वेबसाइटवर जाऊन निकाल शोधावे लागतात. ती वेबसाइट आहे हेच सामान्य पेशंटला ठाऊक नसतं. नाव गेलेल्याला परत अर्ज करायला पाच वर्षं थांबावं लागतं, एवढी कडक व्यवस्था असताना दाखवण्यात ही काटकसर का, ते कळत नाही.

ऑस्ट्रेलिया: आप्रा, ५ पैकी ४

२०१० मध्ये राज्याराज्यांची वेगळी नोंदणी मोडून राष्ट्रीय कायदा आला. पर्थचा फिजिओ आणि सिडनीचा फिजिओ एकाच खिडकीत सापडतो, हा मोठा फायदा. नोंदीत माहितीही भरपूर असते: शिक्षण, कामाचं मुख्य ठिकाण, कोणत्या भाषा येतात, नोंदणीचा प्रकार, मुदत, अटी, ताकिदी.

नोंदणीचा प्रकार हा खाना आधी वाचा. 'जनरल' म्हणजे पूर्ण परवानगी. 'लिमिटेड' म्हणजे मर्यादित, बहुधा देखरेखीखाली. 'नॉन-प्रॅक्टिसिंग' इथे लोक हमखास फसतात. अशा व्यक्तीचं नाव दिसतं, पदनामही तिला लावता येतं, पण उपचार करता येत नाहीत. निवृत्त किंवा रजेवरचे लोक हा प्रकार घेतात. 'स्पेशलिस्ट' हा प्रकार फिजिओच्या नोंदीत शोधू नका, सापडणार नाही. तशी नोंदणी तिथे वैद्यक, दंतवैद्यक आणि पोडायट्री (पावलांचे उपचार) यांनाच आहे.

मुदत दरवर्षी ३० नोव्हेंबरला संपते. त्यानंतर महिनाभर, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, उशिराची फी भरून अर्ज करता येतो आणि अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत नोंदणी चालू राहते. म्हणून डिसेंबरच्या मध्यावर एखाद्याच्या नावासमोर उलटून गेलेली तारीख दिसली तर लगेच घाबरू नये, नाव रजिस्टरात आहे ना ते पाहावं. जानेवारीतही नाव गायब असेल तर मात्र काहीतरी चुकलंय.

अटींच्या खान्यात दोन शब्द येतात. 'कंडिशन' म्हणजे बोर्डाने किंवा न्यायाधिकरणाने लादलेली अट, 'अंडरटेकिंग' म्हणजे त्या व्यक्तीने स्वतः लिहून दिलेली हमी. दोन्ही सारख्याच बंधनकारक असतात. 'स्वतःहून दिली म्हणजे सौम्य असेल' असं समजू नका, पूर्ण मजकूर वाचा. प्रकृतीच्या कारणावरून घातलेल्या अटींचा तपशील मात्र खासगी ठेवला जातो, आणि तसाच तो असायला हवा.

देखरेखीची अट असेल तर तिची पातळी पाहणं नोकरी देणाऱ्यासाठी फार महत्त्वाचं. आप्राने चार पातळ्या ठरवल्या आहेत. पहिलीत देखरेख करणारा पेशंट तपासताना तिथे हजर हवा. दुसरीत तो त्याच जागेत हवा, पण प्रत्येक पेशंटजवळ उभं राहायची गरज नाही. तिसरीत तो जागेवर नसला तरी फोनवर मिळायला आणि गरज पडल्यास येऊन पोचायला हवा. चौथीत देखरेख दुरून, ठरावीक संपर्कातून चालते. छोट्या क्लिनिकचं गणित इथेच कोलमडतं. बाहेरदेशातून आलेल्या फिजिओला पहिल्या पातळीवर घेतलं की दुसऱ्या फिजिओचे तेवढे तास अडकतात, म्हणजे दोन पगारांत एका माणसाचं काम. पगार ठरवायच्या आधी रजिस्टरातला हा मजकूर वाचलेला बरा.

मागचं काम ताजं असावं म्हणून गेल्या तीन वर्षांत ४५० तास किंवा गेल्या वर्षात १५० तास काम केलेलं लागतं, शिवाय वर्षाला २० तास शिक्षण. हे तास रजिस्टरात दिसत नाहीत, पण नोंदणी टिकण्यामागे हा हिशेब असतो. नोंदणी नसताना संरक्षित पदनाम वापरलं तर १ जुलै २०१९ पासून शिक्षा भारी आहे: व्यक्तीला ६०,००० डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही.

नोंदणी रद्द झालेल्यांची यादी आप्रा वेगळ्या पानावर देतं. ब्रिटनपेक्षा हे बरं, निदान त्याच वेबसाइटवर आहे. पण मुख्य शोधात नाव टाकल्यावर 'ही व्यक्ती रद्द झालेल्यांच्या यादीत आहे' असं ठळकपणे हाताशी यायला हवं. एक गुण त्याचा कापला.

जाता जाता: पेशंटनी केलेल्या स्तुतीचे दाखले जाहिरातीत वापरायला या देशात कायद्याने बंदी आहे. क्लिनिकच्या स्वतःच्या वेबसाइटवर 'तीन भेटींत कंबर बरी झाली' छापाची पत्रं दिसली, तर नोंदणी ठीक असली तरी नियमांची किती चाड आहे ते कळलं.

ओंटारिओ: ५ पैकी साडेचार

चौघांत हे सगळ्यात पारदर्शक. पान लांबलचक आणि भाषा वकिली, अर्धा गुण त्याचा. बाकी जे हवं ते एकाच ठिकाणी आहे.

पहिली गोष्ट, गेलेले लोक गायब होत नाहीत. राजीनामा दिलेले, निलंबित, नोंदणी रद्द झालेले, सगळे नावासकट आणि तारखांसकट सापडतात. ब्रिटनचं रजिस्टर रिकामं पान दाखवतं तिथे ओंटारिओचं रजिस्टर 'रद्द' असं लिहितं. शिस्तभंगाचा निष्कर्ष, त्याचा सारांश आणि आदेश त्याच नोंदीत असतो. समितीने दिलेली ताकीद किंवा 'अमुक प्रशिक्षण पूर्ण करा' असा आदेशही दिसतो.

सुनावणी बाकी असेल तर आरोपांची सूचनाही आधीच लावली जाते. इथे वाचणाऱ्याने सावध राहायला हवं. आरोप आणि निष्कर्ष एकाच पानावर, सारख्याच अक्षरांत असतात. 'नोटीस ऑफ हिअरिंग'खालचा मजकूर म्हणजे कॉलेजचं म्हणणं, ते अजून सिद्ध व्हायचंय. क्लिनिकच्या स्वागतकक्षातून असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरवणं हा शुद्ध आगाऊपणा.

दुसरी गोष्ट, जी बाकी तिघांकडे या स्वरूपात नाही: कोणत्या जोखमीच्या उपचारांसाठी या फिजिओने कॉलेजकडे नाव नोंदवलंय ते कळतं. तिथल्या कायद्यात काही कृती 'नियंत्रित' आहेत. ॲक्युपंक्चर आणि ड्राय नीडलिंग, मणक्याचं मॅनिप्युलेशन (हाताने झटका देऊन सांधा हलवणं), श्वासनलिकेतलं सक्शन, त्वचेच्या आतल्या थरापलीकडच्या जखमेचा उपचार, ओटीपोटाची आतून तपासणी, यांसाठी फिजिओने आधी प्रशिक्षण घेऊन यादीत नाव घालावं लागतं. समजा मानेच्या दुखण्यासाठी सुया टोचायच्या ठरल्या. नाव उघडा, नोंदवलेल्या कृतींचा भाग शोधा आणि तिथे ॲक्युपंक्चर आहे का पाहा. नसेल तर बाकी नोंद कितीही स्वच्छ असली तरी त्या माणसाने त्या सुया हातात घ्यायच्या नाहीत. बाळंतपणानंतर पेल्विक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या) उपचारांसाठी जाणाऱ्या बाईने तर हा भाग वाचल्याशिवाय अपॉइंटमेंट घेऊच नये. फक्त बाहेरून व्यायाम शिकवणारीला ही नोंद लागत नाही, आतून तपासणी करणारीला लागते.

प्रमाणपत्राचे प्रकारही पाहावेत. 'इंडिपेंडंट प्रॅक्टिस' म्हणजे स्वतंत्र काम, 'प्रोव्हिजनल प्रॅक्टिस' म्हणजे देखरेखीखाली.

आणखी एक बारकावा. अमेरिकेतून डीपीटी करून आलेला फिजिओ ओंटारिओत उपचार करताना स्वतःला 'डॉक्टर' म्हणवून घेऊ शकत नाही, तिथल्या कायद्याने तो शब्द ठरावीक व्यवसायांनाच राखून ठेवलाय. बोर्डावर 'डॉ.' दिसलं आणि माणूस फक्त फिजिओ म्हणून नोंदलेला असेल तर पदवी खरी असूनही बोर्ड चुकीचा आहे.

हे सगळं एका प्रांतापुरतं, हे विसरू नका. कॅनडात प्रत्येक प्रांताचा नियामक वेगळा. ब्रिटिश कोलंबियात तर २०२४ च्या जूनअखेरीस फिजिकल थेरपिस्टांचं वेगळं कॉलेज इतर व्यवसायांबरोबर एका मोठ्या संस्थेत विलीन झालं, त्यामुळे क्लिनिकांच्या वेबसाइटवरच्या जुन्या लिंकवर विसंबू नये.

अमेरिका: ५ पैकी २

इथे परीक्षा एक आणि रजिस्टरं ढीगभर. एनपीटीई ही लायसन्ससाठीची परीक्षा देशभर तीच, २०० ते ८०० च्या मापावर ६०० ला पास. ती घेते राज्य बोर्डांची फेडरेशन. लायसन्स मात्र राज्य देतं आणि पन्नास राज्यं, राजधानीचा जिल्हा, पोर्तो रिको आणि व्हर्जिन आयलंड्स धरून त्रेपन्न ठिकाणं होतात. सगळ्यांना मिळून लोकांसाठी खुलं असलेलं एक रजिस्टर नाही.

आधी बोर्ड कुठे आहे तेच शोधावं लागतं. कॅलिफोर्नियात ते ग्राहक खात्याखाली आहे. न्यूयॉर्कमध्ये फिजिओचं लायसन्स शिक्षण खातं देतं, आरोग्य खात्यात शोधत बसलात तर दिवस जाईल. टेक्ससमध्ये फिजिकल आणि ऑक्युपेशनल थेरपीचं सामाईक मंडळ आहे. मुदतीही वेगळ्या: कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी, ज्याच्या त्याच्या जन्ममहिन्याच्या अखेरीस; न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांनी; टेक्ससमध्ये दोन. शिक्षणाचे तास कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ३०, त्यातले दोन नीतिनियम आणि कायदे यांवर आणि चार जीवरक्षक प्रशिक्षणाचे. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ३६.

निकालांच्या यादीत 'पीटी' आणि 'पीटीए' शेजारी शेजारी येतात. पीटी म्हणजे फिजिकल थेरपिस्ट, तिथला फिजिओ; पीटीए म्हणजे त्याचा असिस्टंट. तो पीटीच्या देखरेखीखाली काम करतो, पहिली तपासणी आणि उपचारांची आखणी त्याने करायची नसते. क्लिनिकमध्ये व्यायाम करून घेणारा 'एड', म्हणजे मदतनीस, तर कुठल्याच यादीत नसतो. डीपीटी नाही म्हणून कुणाला कमी लेखू नका. २०१५ अखेरपासून तिथले सगळे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम डीपीटी झाले, त्याआधी बॅचलर किंवा मास्टर पदवीवर लायसन्स मिळालेले लोक तितकेच पूर्ण परवानाधारक आहेत.

लायसन्स मिळाल्याची तारीख न्यूयॉर्कमध्ये विशेष कामाची. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय फिजिओकडे थेट जाता येतं, पण त्या राज्यात १० भेटी किंवा ३० दिवस, जे आधी संपेल तिथपर्यंतच, आणि तेही फिजिओला निदान तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव असेल तर. लायसन्सची तारीख वर्षभरापूर्वीची असेल तर आधी विचारून घ्या. कॅलिफोर्नियातली मर्यादा ४५ दिवस किंवा १२ भेटी. बिल विमा कंपनीने नाकारल्यावर हे शोधण्यात अर्थ नसतो.

मग येतो पीटी कॉम्पॅक्ट. सहभागी राज्यांनी आपसात करार केलाय. रहिवासाच्या राज्याचं स्वच्छ लायसन्स असलं की दुसऱ्या सहभागी राज्यात पूर्ण लायसन्स न काढता काम करायची मुभा विकत घेता येते. २०१८ पासून अशी मुभा मिळू लागली. फिजिओच्या दृष्टीने उत्तम सोय, तपासणाऱ्याच्या दृष्टीने घोळ. मुभेवर काम करणारा माणूस त्या राज्याच्या बोर्डाच्या शोधात न दिसण्याची शक्यता असते, त्याला कॉम्पॅक्टच्या वेबसाइटवर शोधावं लागतं. मुभेची मुदत घरच्या राज्याच्या लायसन्सबरोबर संपते. घरच्या लायसन्सवर निर्बंध आला की सगळ्या राज्यांतली मुभा एकदम जाते आणि निर्बंध उठला तरी कारवाईच्या तारखेपासून दोन वर्षं गेल्याशिवाय परत मिळत नाही. ही तरतूद चांगली आहे. व्हिडिओवरून उपचार घेताना साधारण नियम असा, की पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स किंवा मुभा लागते, फिजिओ कुठे बसलाय त्याने भागत नाही.

दोन गुणांवर थांबण्याचं कारण शिस्तभंगाची माहिती. ती एकत्र साठवलेली आहे: फेडरेशनकडे बोर्डांसाठी डेटाबेस आहे, सरकारची नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक आहे. दोन्ही लोकांना बंद. कुणी तीन राज्यांत काम केलं असेल तर पेशंटला तिन्ही राज्यांची पानं उघडून बघावी लागतात, आणि आधी ती तीन राज्यं कोणती हे त्याला माहीत असायला हवं. न्यूयॉर्कमध्ये तर कारवाईची यादी लायसन्सच्या शोधापासून वेगळ्या पानावर आहे. नोकरी देणाऱ्याला एक पळवाट आहे: उमेदवाराला डेटा बँकेतून स्वतःची माहिती मागवता येते, ती आणायला सांगावी.

देश बदलणाऱ्या फिजिओंसाठी

रजिस्टरच्या पानाचा प्रिंट काढून दुसऱ्या देशाच्या नियामकाला पाठवला तर तो बाजूला ठेवला जातो. त्यांना 'गुड स्टँडिंग'चं, म्हणजे नोंदणी स्वच्छ असल्याचं, पत्र लागतं आणि ते जुन्या कौन्सिलकडून (आधीच्या नियामकाकडून) थेट नव्या नियामकाकडे जावं लागतं, उमेदवाराच्या हातून नाही. आप्राला ते तीन महिन्यांच्या आतलं लागतं. गडबड होते ती क्रमामुळे. उत्साहाने पत्र आधी मागवलं जातं, मग शिक्षणाच्या मूल्यमापनात आणि परीक्षेत महिने जातात आणि अर्जाच्या वेळी पत्र शिळं झालेलं असतं. पत्र शेवटी मागवावं. जुन्या कौन्सिलची नोंदणी मात्र तोवर चालू ठेवावी, ती संपलेली असेल तर पत्रातही 'मुदत संपली' असंच येतं. ज्या ज्या ठिकाणी कधी नोंदणी केली असेल त्या प्रत्येक ठिकाणचं पत्र मागतात, विद्यार्थी असताना घेतलेली तात्पुरती नोंदणीही लपवू नये. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने ठेवावं आणि बदललं असेल तर बदलाचा कागद सोबत जोडावा. ब्रिटनला अर्ज करताना इंग्रजीसाठी आयएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात साडेसहापेक्षा कमी नाही, हा आकडा पाहूनच परीक्षेला बसावं. एका भागात ६ आले तर एकूण साडेसात असूनही उपयोग नाही.

नाव सापडलंच नाही तर

स्पेलिंग बदलून, मग नंबरावरून, मग शेजारच्या राज्यात किंवा कॉम्पॅक्टवर, या क्रमाने बघा. तरी नाही मिळालं तर नियामकाला फोन करा, रजिस्टरात काल झालेला बदल आज दिसेलच असं नाही. नोंदणी नसल्याचं पक्कं झालं तर तक्रारीसोबत तीन गोष्टी जोडा: पदनाम स्पष्ट दिसेल असा बोर्डाचा किंवा जाहिरातीचा तारखेसह फोटो, क्लिनिकचा पत्ता, आणि पावती. पावतीवर पदनाम छापलेलं असेल तर तोच भक्कम पुरावा, म्हणून ती फेकू नका. दुखणं बरं झालं नाही किंवा पैसे जास्त घेतले, एवढ्याच तक्रारीवर नियामक पैसे परत मिळवून देणार नाही. त्यासाठी क्लिनिकशी, विमा कंपनीशी किंवा ग्राहक न्यायालयाशी बोलावं लागतं. पदनाम खोटं असेल, अटी मोडल्या असतील किंवा पेशंटशी गैरवर्तन झालं असेल, तर मात्र पहिलं दार नियामकाचंच.